झटके खाणारी गाडी अन् भावली धरण

आमचे हे गेल्यापास्नं त्यांची जुनी पेट्रोल गाडी मीच चालवते, अन् दिराला ती विकायचीय. म्हणून मी अन् धाकटी जाऊ सुनंदा इगतपुरीजवळचं भावली धरण बघायला निघालो. गाडी एवढं फिरून आली, की दिराचं तोंड बंद!

नाशिकमधून सकाळी लवकर निघा, हायवे मोकळा असतो. पण वाडीवऱ्हेच्या पुढं गाडीनं झटके दिले. रेस द्यावी तर मध्येच जीव सोडी, पुन्हा उधळी. समोर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. मला पहिला संशय दिराचा. परवा तोच गाडी घेऊन गेलता.

"तुझ्या नवऱ्यानं काय तरी केलंय."

"ताई, त्यांना बॉनेट पण उघडता येत नाय," सुनंदा म्हणली.

मागं फिरून हळूहळू नाशिकचं अंबड गाठलं. गॅरेजवाले इरफानभाई मशीन लावून म्हणले, "थ्रॉटलचा सेन्सर, मावशी. रेस किती दाबली ते हा इंजिनला कळवतो."

"अन् तुमची मशीन खोटं बोलत असंल तर? कोणाचा फोन आलता का तुम्हाला?"

ते हसले. वायरी तपासल्या, धड होत्या. मग सेन्सरला मीटर लावलं. चावी चालू, इंजिन बंद. "दाबा हळूहळू. आकडा सरळ चढला पाहिजे."

आकडा चढला, मध्येच शून्यावर पडला, परत चढला. मी पुन्हा पुन्हा दाबलं. त्याच जागी पडायचा.

"कोणी मुद्दाम केलं?"

"आतून झिजलाय. मुद्दाम करायला तुमच्यावाणी डोकं लागतं."

नवा सेन्सरही मीटरवर बघूनच पैसे दिले. जुना मागून घेतला. तुम्हीपण घ्या, नायतर तोच पुसून बसवतील.

पुन्हा निघालो, घोटीत झणझणीत मिसळ खाल्ली. पुढच्या चढाला गाडीनं हूं की चूं केलं नाय. धरणावर वारा एवढा, की सुनंदाचा पदर माझ्या तोंडावर.

संध्याकाळी घरी आलो तर दीर ओट्यावर गिऱ्हाईक घेऊन बसलेला. "वहिनी, झटके खाती ना? देऊन टाका."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"परवा मला पण दिले की तिनं!"

मी काय बोलायच्या आत सुनंदा पुढं झाली. "म्हंजे माहीत होतं? अन् मला तिच्यात बसून जाऊ दिलं?" गिऱ्हाइकाकडं वळून म्हणली, "दादा, चहा घेऊन जावा. गाडी विकायची नाय."

गाडी राहिली. सुनंदा नवऱ्याशी अजून बोलत नाय. मी मात्र रोज काच खाली करून विचारते, "भाऊजी, सोडू का कुठं?"