‘सगळं मान्य’चं बटण

छातीतली गाठ आंघोळ करताना हाताला लागली, आणि मी ती कुणालाच सांगितली नाही. लेकीचं लग्न जमत आलं होतं. आईला असलं दुखणं म्हणजे उद्या पोरीलाही होणार, एवढ्यावरनं आमच्या हुपरीत ठरलेली स्थळं मोडलेली मी बघितली होती.

दुपारी दार लावून फोनवर गाठीची माहिती उघडली, तर मध्येच चौकट आली. कुकीज ठेवू का, म्हणून विचारत होती. कायदाच आहे म्हणे, परवानगी घ्यावीच लागते. एवढं बारीक कोण वाचतंय! मला चौकटीमागचं वाचायचं होतं. ‘सगळं मान्य’ दाबलं, वाचलं, सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून जाहिराती सुरू झाल्या. पैंजणाची नवी डिझाईन बघायला जावं तर मध्येच, ‘स्तनात गाठ? आजच तपासा.’ लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाली, “कुकीज मान्य केल्या की मागंच लागत्यात. तू काय बघितलंयस?”

“साड्या गं,” मी म्हटलं.

कुणाला बोलणार? त्यांनी रीतसर विचारलं होतं. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मंगळवार पेठेतले मुलाकडचे पावणे आले त्या दिवशी मी फोन कपाटात ठेवला होता. पण आमचा धंदा पैंजणांचा, आणि नवरीचे पैंजण सासूनं पसंत करायचे ही घरची रीत. यजमानांनी कौतुकानं कपाटातनं माझाच फोन काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत मुलाच्या आईच्या हातात दिला. मी “अहो, बंद पडतोय तो” म्हणेपर्यंत तिचं बोट फिरायला लागलं होतं. चार डिझाईन झाली आणि बोट थांबलं. तिनं मान वर करून थेट माझ्याकडं बघितलं. संपलं, मोडलं लग्न. मी चहाचे रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करायला लागले.

“चला, कप आत ठेवू लागते,” म्हणत ती माझ्यामागं स्वयंपाकघरात आली, फोन घेऊनच. दार लोटून घेतलं.

“तुमचं हाय न्हवं हे?”

मी नाही म्हणणार होते. मान मात्र हो म्हणून हलली.

“डॉक्टरला दावलं?”

“न्हाय. पोरीचं उरकू दे म्हटलं. तुमच्या पाया पडते, बाहेर बोलू नगा.”

माझा हात धरून तिनं आपल्या पदराखाली, डाव्या बाजूला दाबला. छातीच्या जागी हाताला नुसता कापूस लागला.

“मीबी थोरलीचं उरकू दे म्हणूनच थांबलेली,” ती म्हणाली. “उद्या सकाळी दवाखान्यात जायाचं, विहीणबाई.”