रुकावटीच्या जागी ठहराव

माझी थोरली बहीण हेमलता जबलपूरला नेपियर टाउनमध्ये स्पीच थेरपीचं क्लिनिक चालवते. अडखळत बोलणारी माणसं, उशिरा बोलू लागलेली मुलं, लकव्यानंतर शब्द हरवलेले म्हातारे, सगळे तिच्याकडे येतात. मी व्हेईकल फॅक्टरीतून रिटायर झालो तेव्हा ती म्हणाली, "घरी बसून काय करशील अच्युत? माझं काउंटर सांभाळ." तेव्हापासून मी तिथेच असतो.

ताईचं सगळं काम आवाजावर. माणूस पहिल्यांदा आला की ती त्याचं बोलणं रेकॉर्ड करते, मग अधूनमधून पुन्हा. जुनं आणि नवं पाठोपाठ ऐकवलं की त्याला स्वतःलाच फरक कळतो. यासाठी तिनं एका कंपनीचं ॲप घेतलं होतं. फुकटातलं, झटपट. नाव, फोन नंबर, तक्रार भरायची आणि बटण दाबायचं.

त्या सुमारास मेघना यायला लागली. शाळेत हिंदी शिकवायची. वर्गात तिचं बोलणं सुरळीत, पण मोठ्या माणसांसमोर शब्द घशातच अडकायचा. क्लिनिकमध्ये येते हे तिनं घरीही सांगितलं नव्हतं.

एका दुपारी ती आली ती उभीच राहिली. सकाळी शाळेत ती तास घ्यायला गेली असताना तिचा फोन स्टाफरूममध्ये वाजत राहिला, म्हणून शेजारच्या बाईंनी उचलला. पलीकडून कुणी माणूस म्हणाला, "मेघनाजी हैं? हकलाने के इलाज का पैकेज बताना था." म्हणजे अडखळत बोलण्यावरच्या उपचाराचं. मेघना वर्गातून परतली तोवर सगळ्या स्टाफरूमला कळलं होतं.

"मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं, दीदी," ती म्हणाली. एवढं वाक्यसुद्धा तिच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी आलं. मेघना निघून गेली.

ताईनं त्याच संध्याकाळी ॲपच्या अटी उघडल्या. आपण सगळेच करतो तसं तिनंही न वाचता 'मान्य' केलं होतं. बरंच खाली लिहिलेलं सापडलं, की भरलेली माहिती आणि रेकॉर्डिंग कंपनी आपल्या सहयोगी संस्थांना देऊ शकते.

"लोक माझ्या भरवशावर बोलून राहिले," ताई म्हणाली, "आणि मी त्यांचा आवाज भलत्याच्या हाती देऊन राहिली."

"तुला कुठं माहीत होतं?"

"माहीत करून घ्यायला पाहिजे होतं न."

मी सुचवलं, गुपचूप ॲप काढून टाक, कोण विचारतंय. ती उठून पेशंटची यादी घेऊन आली. मग तिनं एकेका घरी स्वतः फोन लावला. "आपका नंबर, आपके बच्चे की आवाज बाहर गई हो सकती है. मुझसे चूक हुई." काहींनी समजून घेतलं, काहींनी वाट्टेल ते सुनावलं. काही घरं पुन्हा आलीच नाहीत. एका बापानं तिला फार वाईट बोलून फोन ठेवला. ती पाणी प्यायली आणि तिनं पुढचा नंबर लावला.

आता काम कशावर करायचं? माझ्या फॅक्टरीतल्या मित्राची मुलगी संपदा इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, विजय नगरला राहते. ती पेन ड्राइव्ह घेऊन आली आणि ताईच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, सोबत आवाज रेकॉर्ड करायचा एक मुक्त प्रोग्राम.

"मावशी, याच्या आत काय चाललंय हे जगातला कोणीही उघडून वाचू शकतो," संपदानं समजावलं. "म्हणून लपून काही करणं अवघड. आणि रेकॉर्डिंग याच मशीनमध्ये राहील. तुम्ही पाठवाल तरच बाहेर जाईल."

ऐकायला सोपं वाटलं, पण सुरुवातीला फजिती झाली. प्रिंटर रुसला. माइकमधून नुसती खरखर यायची. ताई वैतागून म्हणायची, "हे काहून असं करून राहिलं?" शेवटी तिनं त्या प्रोग्रामवाल्यांच्या चर्चेच्या पानावर आपली अडचण लिहिली. सकाळी पाहतो तर कुठल्याशा परदेशी माणसानं उपाय सविस्तर लिहून ठेवलेला. खरखर गेली.

"ओळख न पाळख, आणि हा मला काहून मदत करून राहिला?" ताईला त्याचं फार नवल वाटलं.

मेघनाला तिनं निरोप धाडला होता, की एकदा येऊन बघ, मग नाही म्हण. बऱ्याच दिवसांनी ती आली. ताईनं आधी इंटरनेटची वायर काढून तिच्या हातात दिली. "हे बघ. आता बोल. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर तू घेऊन जा, इथलं तुझ्यासमोर पुसते."

मेघना बसली. पडद्यावरची हिंदी बटणं वाचता वाचता थांबली. 'पॉज'साठी कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'रुकावट', म्हणजे अडथळा.

"दीदी, हकलणाऱ्या माणसाला हेच वाचायला लावून राहिले का?" म्हणाली आणि हसली. त्या घटनेनंतर पहिल्यांदा.

"मग काय पाहिजे?"

मेघनानं थोडा विचार केला. "ठ... ठहराव."

ठहराव म्हणजे निवांत थांबणं; शब्द अडखळतच आला, पण नेमका होता. संपदाला विचारलं तर ती म्हणाली, मुक्त प्रोग्राम आहे, तुम्हीच बदला, कळवा त्यांना. मग ताई आणि मेघना दर शनिवारी बसू लागल्या. हिंदी दुरुस्त केलं. मराठी तर त्यात नव्हतंच, ते मुळापासून लिहिलं. शब्दावरून वाद व्हायचे. मराठीत 'पॉज'ला ताईनं 'विसावा' सुचवला, मेघनाला 'विराम' हवा होता. मी चहा देताना सांगून टाकलं, 'विसावा' बरा. दोघींनी माझं ऐकलं, याचा मला आजही अभिमान आहे.

प्रोग्रामची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात त्यांचे शब्द होते. भाषांतर करणाऱ्यांच्या नावांत दोन नावं: हेमलता कानडे, मेघना बक्षी. मेघनानं ते पान स्वतः शाळेत नेऊन दाखवलं. कुणी विचारलं, तुम्हाला हे काम कसं मिळालं? तिनं सांगितलं, "मी ह... हकलते, म्हणून." आणि पुढचंही सगळं सांगितलं, जितका वेळ लागला तितका घेऊन.

गेल्या महिन्यात कटनी आणि सागरच्या स्पीच थेरपिस्ट आमच्याकडे हा प्रोग्राम शिकायला आल्या, आपापले लॅपटॉप घेऊन. साठी ओलांडलेली माझी बहीण त्यांच्यामध्ये उभी राहून कुठली वायर कुठं लागते ते दाखवत होती, आणि पेशंटला आधी काय सांगायचं, कोणती परवानगी घ्यायची, तेही. मी काउंटर सोडून दारातच उभा होतो.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मशीनी सुरू झाल्या, एक सोडून. त्या बाई ओशाळल्या.

"राहू द्या जी," ताई म्हणाली. "मुक्काम करा आमच्याकडे. उद्या पुन्हा बसू."