कलामामीचा जॅक

कलामामी मिक्सर सुरू करण्याआधी त्याला एक सणसणीत थापड मारायची. हलकीशी टपली नव्हे, ओट्यावरच्या वाट्या वाजतील अशी थापड. मग ती बटण फिरवायची आणि मिक्सर घरघरू लागायचा. लहानपणी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी विचारलं की हा बिघडलाय का. मामी भांड्यात शेंगदाणे ढकलत शांतपणे म्हणाली, "मार खाल्ल्याबिगर या घरात कुणी काम करत न्हाई, माय." मला ते इतकं आवडलं की लातूरला परतल्यावर मी आमच्या टीव्हीला तशीच एक ठेवून दिली आणि त्याबद्दल आईकडून स्वतः दोन खाल्ल्या.

उदगीरला अडत बाजाराच्या मागच्या गल्लीत मामाचं घर. हणमंतमामा माझ्या आईचा सख्खा भाऊ, स्वतःचा ट्रक चालवायचा. मामी मुदखेडची. तिचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचे कामगार होते, त्यामुळे इतर मुलींना पाढे पाठ असतात तसे तिला पान्यांचे नंबर पाठ होते. कुठलीही वस्तू दुकानातून आली तशी वापरणं तिला कमीपणाचं वाटे. तिच्या स्वयंपाकघरात मीठ-मसाल्याच्या डब्यांशेजारी नट-बोल्टांचा डबा असायचा, आणि मी एकदा जिरं समजून त्यात हात घातला होता. मामीला मूल नव्हतं. सुट्टीत मी गेले की तिचे सगळे प्रयोग माझ्यासमोर व्हायचे.

एका उन्हाळ्यात तिने ड्रिल मशीनला रवी बसवली. ताक घुसळायला अर्धा तास कशाला घालवायचा, असं तिचं म्हणणं. पहिल्याच फटक्यात मातीचा डेरा फुटला. दही छतापर्यंत गेलं, कॅलेंडरवरच्या देवाला अभिषेक झाला आणि खुंटीवरचा मामाचा पांढरा शर्ट चिंब झाला. मामीने पदराने तोंड पुसलं, भिंतीवरून बोटाने एक गोळा निपटला आणि मला दाखवला. "लोणी निघालं का न्हाई? भिंतीवर निघालं, पण निघालं तर खरं." दुसऱ्या दिवशी तिने स्टीलचं पातेलं घेतलं, ड्रिलचा वेग कमी केला आणि दोन मिनिटांत ताक केलं. पुढे गल्लीतल्या बायका दह्याची भांडी घेऊन तिच्या दारात उभ्या राहू लागल्या.

पण त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मला दुकानात साखर आणायला पाठवलं होतं. मी परत आले तेव्हा मामीचा एक गाल सुजला होता. ड्रिल लागलं, असं मला सांगण्यात आलं. मी विश्वास ठेवला, कारण ते ड्रिल होतंच तसलं. पुढे कितीतरी वर्षं मामीच्या अंगावरच्या प्रत्येक खुणेला घरातलं एखादं यंत्र जबाबदार असायचं. कपाळावरची खोक कुकरच्या झाकणाने पडली, दंडावरचे वळ पाण्याच्या मोटारीच्या पट्ट्याने उठले. आणि माझी आई, जिला सगळं ठाऊक होतं, ती एवढंच म्हणायची की हणमंता जरा तापट आहे. आमच्या घराण्यात बायकोला झोडपणाऱ्या माणसाला तापट म्हणतात. त्या शब्दाचा मला आजही राग येतो.

मी कॉलेजात असताना मामीने जुनं वॉशिंग मशीन कुरडयांच्या कामाला लावलं. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवून वाटायचा आणि चोथा पिळून पिळून त्याचा चीक काढायचा, हे मनगटं मोडणारं काम. मामीने वाटलेला गहू फडक्यात बांधला, कपडे वाळवायच्या टबात ठेवला आणि बटण दाबलं. मशीन खवळलं. उड्या मारत ते न्हाणीपासून पडवीपर्यंत आलं, पाइप तुटला आणि पायरीपर्यंत पांढरा चीक पसरला. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. तेवढ्यात मामा ट्रक लावून आत आला, चिकावरून त्याचा पाय सरकला आणि तो आपटला. उठल्यावर त्याने मामीचा उजवा हात धरला आणि पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुक्या तुरकाठीसारखा होता.

मशीन तोवर बंद पडलेलं, त्याला दोष देता येईना. म्हणून दवाखान्यात "न्हाणीत घसरले" असं मामीने स्वतःच सांगितलं. मी शेजारी उभी होते आणि मी गप्प बसले. हाड जुळलं, पण वाकडं. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं राहिलं आणि त्या हातात पीठ मळण्याचीही ताकद उरली नाही. मग मामाने नवीनच पालुपद धरलं. मोडक्या हाताची बाई घेऊन काय करू, मुदखेडला नेऊन टाकतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. माझ्या रुखवतात मामीच्या कुरडया असणार, हे मी चौथीत असल्यापासूनचं ठरलेलं. आई म्हणाली, वहिनी, यंदा राहू द्या, विकत आणू. मामी ऐकेना. हात गेला तरी आपण गेलेलो नाही, हे तिला सगळ्यांना दाखवायचं होतं. पण शिजवलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून दाबावा लागतो, आणि त्याला धडधाकट माणसाच्याही खांद्यातून कळा येतात. मामी आठ दिवस विचार करत फिरली. मग तिने गॅरेजवाल्याकडून लोखंडी चौकट जोडून घेतली, तिच्यात मोठा सोऱ्या बसवला आणि त्याच्या दट्ट्यावर ट्रकचा जॅक उभा केला. दांडा वर-खाली केला की जॅक वरच्या पट्टीला रेटायचा आणि दट्ट्या खाली जायचा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती कुरडई पाडू लागली. "दहा टनाची गाडी उचलतो ह्यो," ती मला म्हणाली, "चिकाची काय कथा."

जॅक अर्थातच मामाच्या ट्रकमधला. ट्रक दारात असला की ती सकाळी काढायची आणि संध्याकाळी गुपचूप परत ठेवायची. रुखवताच्या कुरडया पाडायच्या दिवशी मामा घरीच राहणार होता. म्हणून मामीने पहाटेपासून एकेक घाणा चीक शिजवायला घेतला आणि गल्लीतल्या बायकांना बोलावलं. आई आणि मी आदल्या दिवशीच लातूरहून आलो होतो. आम्ही सगळ्या मागच्या अंगणात गुंतलो असताना मामाला फोन आला आणि तो पोती भरलेला ट्रक घेऊन निलंग्याला निघूनही गेला. कुणाला कळलं नाही. रस्त्यात टायर फुटलं. जॅक नाही. भर उन्हात तीन तास तो येणाऱ्या गाड्यांना हात करत उभा राहिला. शेवटी एकाने जॅक दिला, तेव्हा चाक बदलून तो तसाच माघारी फिरला.

दुपारी अंगणात दहा-अकरा बायका होत्या. खाटेवर साड्या अंथरून त्यावर कुरडया पसरल्या होत्या, एकेक ताटाएवढी. मामा मागच्या दाराने आला तो हातात टामी घेऊन, टायर काढायची ती लोखंडी कांब. त्याचे डोळे लाल होते. जॅककडे पाहिल्यावर त्याला पुढचं काही विचारायचं राहिलं नाही. त्याने टामी डोक्याच्या वर उचलली. मामी जागची हलली नाही. जॅकचा दांडा दाबत ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चीक थंड होऊन राहिला. एवढी कुरडई पडू द्या, मग मारा."

इतकी वर्षं ड्रिल होतं, कुकर होता, न्हाणी होती. मारा हा शब्द मामीने पहिल्यांदा चारचौघांत उच्चारला होता, आणि तोही भाजी वाढू का विचारावं तसा. माझी आई उभी राहिली. मला वाटलं, आता पुन्हा तापट म्हणेल. ती भावाला म्हणाली, "हणमंता, ती खाली ठेव. तुला मी राखी बांधते रे."

मामाने टामी हाणली, पण मामीवर नाही. त्याने सगळा जोर चौकटीवर काढला. चौकट ताणलेली होती. जॅक निसटला, दट्ट्या भिंतीवर जाऊन आदळला आणि फुटलेल्या सोऱ्यातून कढत चीक मामाच्या हातावर कोपरापर्यंत उडाला. चीक चिकटतो, पाण्यासारखा ओघळत नाही. मामा किंचाळत गोल फिरला. त्याने हात झटकला तशी कातडी निघून आली. बायका बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. मामीने आधी लवंडलेल्या जॅकची दाब सोडायची चावी ढिली केली, मग बादली उचलून त्याच्या हातावर पाणी ओतलं. हा क्रम माझ्या पक्का लक्षात आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं भाजलं. मामा खाली बघत होता. मामीने पदर सारखा केला आणि सांगितलं, "न्हाणीत घसरले." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मामाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि मला त्याच्या डोळ्यात पहिल्यांदा भीती दिसली.

ती त्याच दुपारी मुदखेडला गेली. नेऊन टाकायला कुणी लागलं नाही. जाताना तिने फक्त मिक्सर आणि कपड्यांची पिशवी घेतली. जॅक तिने पुसून माझ्या हातात दिला. "त्यांचा हाय, गाडीत ठिवून दे," म्हणाली. त्या गोंधळातून धड कुरडया सातच निघाल्या होत्या. त्या तिने मोजून, वाळायला साडीवर तशाच ठेवून आईच्या स्वाधीन केल्या.

लग्नात भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा नवा फेटा बांधून, पट्टी गुंडाळलेला हात गळ्यात अडकवून दारात आला. मी पाटावरून उठले नाही. मी आईला एवढंच म्हणाले की मला मामी नेईल, नाहीतर मी येत नाही. बाहेर भटजी पुन्हा पुकारत होते, आणि आत मोठी माणसं माझ्यावर दातओठ खात होती. शेवटी आईच मुदखेडकरांच्या घोळक्यात गेली आणि मामीला ओढून घेऊन आली. मामीने तिच्या वाकड्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता, पण तिने मला मांडवापर्यंत नेलं. रुखवतात सात कुरडया मांडल्या होत्या.

आता ती मुदखेडला भावाच्या घराशेजारी एका खोलीत राहते. भावाने तिला जुना जॅक मिळवून दिलाय आणि उन्हाळ्यात तिच्याकडे कुरडयांसाठी बायकांची रांग लागते. मागच्या महिन्यात मी गेले होते. तिने माझ्यासाठी चटणी करायला घेतली. मिक्सर तोच होता, उदगीरचा. तिने भांड्यात शेंगदाणे टाकले, लसूण टाकला, झाकण लावलं. मी ओट्याशी उभी होते आणि थापडेचा आवाज येणार म्हणून माझे खांदे नकळत वर गेले होते. मामीने सरळ बटण फिरवलं. मिक्सर घरघरू लागला.

मी विचारलं, "मामी, आता मारावं लागत नाही?"

तिने मिक्सरवर वाकडा हात ठेवला. "न्हाई, माय. त्यो बिघडलेला कवाच न्हवता."