रेडिएटरवरचं जाकीट

हीटरमधून गरम वारा यायला लागला तेव्हा ह्यांचे डोळे मिटलेले होते. हे पुढे सुनेशेजारी बसले होते, मी मागे. सून गाडी चालवता चालवता म्हणाली, "आई, बाबा झोपले का हो?" मी मागून हात घालून ह्यांचा गाल चाचपला. गार होता. मनगट धरलं. नाडी मला कधीच सापडत नाही, तेव्हाही सापडली नाही. "अहो," म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं.

सुनेला सांगितलं, "थांबू नकोस. दवाखाना गाठ."

गाडी नीट चालत होती. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर होता. सकाळी तीच गाडी रस्त्यात बंद पडली होती आणि ह्यांनी ती चालू केली होती.

मुलगा जपानमध्ये ग्योतोकुला राहतो, कॉम्प्युटरच्या कामावर आहे. गाडी जुनी. भारतात परत जाणाऱ्या एका कुटुंबाने जाताना घरातलं सगळं विकायला काढलं होतं, सायोनारा सेल म्हणतात त्याला, त्यातून ती घेतलेली. मिक्सर आणि गाडी एकाच घरातून आले. दिवाळीनंतर आम्ही दोघं मुलाकडे आलो. तिथे ह्यांना काम नव्हतं आणि बोलायला कोणी नव्हतं. जन्मभर ह्यांनी दूध संघाची गाडी घाटातून चालवली. मग काय, हे रोज खाली पार्किंगमध्ये जाऊन मुलाच्या गाडीचं बॉनेट उघडून उभे राहायचे.

इंजिन गार ठेवणारं पाणी कमी होतंय हे ह्यांनीच हेरलं. कुठूनतरी थेंब थेंब गळत होतं. हे नळाचं पाणी बाटलीत भरून न्यायचे आणि ओतायचे. गावाकडे तेच करत होते, घाटाच्या पायथ्याला एकदा आणि माथ्यावर एकदा.

मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या ना. शाकेन जवळ आलंय. तपासणीला द्यायचीच आहे गाडी, तेव्हा गॅरेजवाले बघतील."

"तोवर तिला तहानलेली ठेवायची?"

सून म्हणाली, "पण बाबा, त्यात हिरवं काहीतरी घालतात ना?"

"हिरवं सरबत तुम्ही प्या. गाडीला पाणी लागतं."

ती हसली. मीही हसले. विषय संपला.

ह्यांचं हृदय कमजोर होतं. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, थंडीत छाती उघडी टाकू नका, कष्ट करू नका. पण ह्यांना बर्फ बघायचा होता. मुलाला रजा मिळेना. सुनेकडे लायसन्स होतं, ती म्हणाली मी नेते. नागानोच्या डोंगरात एक रात्र राहिलो. ह्यांनी बर्फ हातात घेतला आणि म्हणाले, "खडेमिठासारखा लागतो हाताला." मी म्हटलं, मीठ घरी होतं, एवढ्या लांब कशाला आणलंत. गाडी रात्रभर उघड्यावर होती.

सकाळी खाली उतरायला निघालो. हीटर लावला तर गार वारा. सून म्हणाली, "इंजिन तापलं की गरम येईल." इंजिन तापलं, हीटर गारच. काटा लाल रेघेपार गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. तिने गाडी कडेला घेऊन बंद केली. मदतीसाठी फोन केला, तर त्या दिवशी बर्फात खूप गाड्या अडकलेल्या, आमच्यापर्यंत यायला दुपार होईल म्हणाले. आत बसून तोंडातून वाफ निघत होती. माझे पाय बधिर झाले.

हे उतरायला लागले.

"अहो, बसा ना गप."

"गप बसून गाडी चालू होते का?"

मीही मागोमाग उतरले. ह्यांनी आधी पट्टा बघितला. तुटला नव्हता. पंखा फिरवून बघितला. मग इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी पाइप चाचपला. "हा चटका देतोय." खालचा धरला. "हा गार. वरून आलेलं पाणी खाली पोचत नाही."

सुनेने फोनवर वाचलं. "बाबा, थर्मोस्टॅट अडकला असेल. पाणी सोडणारी झडप असते ती."

"असेल."

मग ह्यांनी बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीचं झाकण काढलं. बाटलीतलं पाणी हे तिच्यातच ओतायचे. आत बोट घातलं, ते टेकलं. किल्लीने ठोकलं. टकटक वाजलं.

ह्यांनी किल्ली खिशात टाकली.

"गोठलंय," म्हणाले. "रेडिएटरमध्ये पण हेच असणार. माझंच पाणी. ते हिरवं घातलं असतं तर गोठलं नसतं."

सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय माहीत असणार?"

"घाटात कधी गोठलं नाही गं."

ह्यांनी तिला सांगितलं, तू आत बस, मी ओरडलो की चालू कर, ओरडलो की बंद कर. इंजिन थोडं चालवायचं, काटा चढला की थांबवायचं, ती ऊब रेडिएटरमध्ये मुरू द्यायची, परत चालवायचं. पण समोरून वारा लागता कामा नये. जाळी झाकायला जाड काहीतरी हवं होतं. डिकीत काही नव्हतं. मी शाल पुढे केली. "पातळ आहे," म्हणाले. सून तिचा कोट काढायला लागली, तर तिला ओरडले. मग अंगातलं जाकीट काढलं. मुलाने खास बर्फासाठी घेऊन दिलेलं.

मी म्हटलं, "ते अंगात घाला आधी."

"मला स्वेटर आहे. गाडीला काय आहे?"

जाकीट जाळीवर पसरून बाह्या बांधल्या. मी ह्यांच्या खांद्यावर शाल टाकली, ती वाकताना पडली. परत टाकली, परत पडली. मग टाकली नाही. ह्यांच्या गोळ्यांसाठी मी थर्मासमध्ये गरम पाणी घेतलं होतं, ते ह्यांनी मागून घेऊन टाकीत ओतलं. "चालू!" ओरडायचे, "बंद!" ओरडायचे, मध्ये इंजिनवर हात शेकायचे. सून काचेतून म्हणाली, "बाबा, ओठ निळे पडलेत तुमचे."

"काट्याकडे बघ. माझ्याकडे काय बघतेस?"

शेवटी खालचा पाइप कोमट झाला. मलाही हात लावायला लावला. खरंच कोमट होता. जाकीट काढू नका म्हणाले, चालत्या गाडीला वारा जास्त लागेल. स्वेटरवरच पुढे बसले. "चला," म्हणाले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

दवाखान्यात ह्यांना आत नेलं. सून जपानीत बोलत राहिली. मी बाकावर बसले. खिडकीतून गाडी दिसत होती, जाळीवर जाकीट, बर्फाने पांढरं झालेलं. मला रडू आलं नाही. भूक लागली होती.

सून बाहेर आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. "आई, बाबा गेले. काटा चढायला लागला तेव्हाच मी थांबवायला हवी होती गाडी."

मी म्हटलं, "पाणी तू नव्हतंस घातलं."

मुलगा संध्याकाळी आगगाडीने आला. त्याने मला विचारलं, नेमकं काय झालं. मी सांगितलं. पाण्याचंही सांगितलं, म्हणजे तो उगाच बायकोला बोलणार नाही. तो बराच वेळ जाकिटाच्या बाह्यांची गाठ सोडवत बसला. ओली होऊन घट्ट बसली होती.

डोंगरावरून निघालो तेव्हा गाडीत तिघं होतो. सून वाचली. मी वाचले.