सुदामभाऊंच्याच हातात बंद पडणारी गाडी

गाडी मस्त चालत होती, आणि माझी खरी पंचाईत तीच होती.

वरूडहून आलेली ती जुनी पिकअप माझ्या अमरावतीच्या दुकानासमोर उभी होती. इंजिन चालू, आवाज एकसारखा. तिचे मालक देवरावभाऊ संत्र्याचे व्यापारी. ते कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. त्यांचे ड्रायव्हर सुदामभाऊ जरा लांब, कडुनिंबाखाली उभे होते. गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळायचे, सोडायचे, परत गुंडाळायचे.

"तुमची मशीन लावा अन् सांगा," देवरावभाऊ म्हणाले. "गाडीत फॉल्ट नसन तं आजपासून सुदाम बंद. चाबी दुसऱ्याले देतो मी."

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. सेल्फ, बॅटरी, वायरिंग करत करत सेन्सरपर्यंत आलो. आता स्कॅनर लावल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. पण कोणाची रोजीरोटी माझ्या स्कॅनरला टांगायची, हे मला नवीन होतं. माझं डोकं तिथंच सणकलं. मशीन म्हणजे काय पोलीस आहे का बापा? तरी तोंड दाबून धरलं, कारण गिऱ्हाईक होतं.

तक्रार अशी. माल भरून गाडी निघते, आणि रस्त्यात अचानक तिचा जीव जातो. इंजिन बंद होत नाही, पण पॅडल कितीही दाबा, रेस मिळत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, परत चालू करायची की झाली ठीक. वाटेत असं पुन्हा पुन्हा व्हायचं, म्हणून अकोल्याच्या मंडीत सुदामभाऊ उशिरा पोचायचे. तोवर सौदे होऊन जायचे आणि संत्रा पडत्या भावात जायचा.

देवरावभाऊंनी आधीच्या गॅरेजात फिल्टर बदलला, टाकी धुतली, पॅडलचा सेन्सरही नवा टाकला. फरक शून्य. आणि त्यांचा साळा हीच गाडी चालवायचा तेव्हा ती एकदाही दगा द्यायची नाही. मग मालकांनी हिशोब लावला की सुदाम पिऊन कुठंतरी झोपतो आणि नाव गाडीचं सांगतो. हे ते भर मंडीत, हमालांसमोर बोलले होते.

मी स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड निघाला तो पॅडलच्या सेन्सरचाच. हे सोपं करून सांगतो. जुन्या गाड्यांत पॅडलपासून पंपापर्यंत एक तार असायची. पाय दाबला की तार ओढली जायची. आता तार गेली, सेन्सर आला. पाय किती दाबला ते तो इसीएमला, म्हणजे गाडीच्या मेंदूला सांगतो. तेही दोन वेगवेगळ्या वायरींनी. दोन साक्षीदार समजा. दोघांची जबानी जुळली तर मेंदू रेस देतो. जुळली नाही तर तो कोणावरच विश्वास ठेवत नाही आणि गाडी जेमतेम ढकलत ठेवतो.

"म्हणजे फॉल्ट आहे," मी म्हणालो. "कोड खोटा बोलत नाही."

देवरावभाऊ हसले. "सेन्सर तं नवा हाये. मंग सुदामच वायर काढत असन मुद्दाम."

कडुनिंबाखाली सुदामभाऊंनी मान खाली घातली. मला त्यांचा थोडा रागच आला. अरे, खरा माणूस आहेस तर बोल ना!

मी मीटर घेऊन बसलो. सेन्सरला लागणारा करंट बरोबर, अर्थिंग पक्कं. पॅडलजवळचं कनेक्टर हलवलं, वायरी ओढून पाहिल्या. स्कॅनरवरचा ग्राफ ढिम्म. मग मी स्वतः गाडी मोर्शी रोडला फिरवून आणली. लोण्यासारखी चालली. देवरावभाऊंनी फिरवली. त्यांनाही काही नाही.

"झालं समाधान?" त्यांनी चाबी माझ्यासमोर नाचवली.

"नाही झालं," मी म्हणालो. "गाडी ज्याच्या हातात बंद पडते त्यानं चालवली का आज? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. सुदामभाऊ, या. मी मधे बसतो, मालक खिडकीत बसतील. तुमी रोज चालवता तशीच चालवा."

सुदामभाऊ आले. दार उघडलं, टायरच्या तळाच्या जाडजूड चपला काढल्या, त्या उजव्या कोपऱ्यात सरकवल्या आणि अनवाणी वर चढले. स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. आमच्याकडं असे पुष्कळ ड्रायव्हर आहेत. गाडी पोट भरते, म्हणून तिच्यात चपला घालून बसत नाहीत. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. त्यात बघण्यासारखं काय?

स्कॅनर मांडीवर, दोन्ही वायरींच्या रेघा ग्राफवर बरोबरीनं चाललेल्या. शहर मागं पडलं. एका ब्रेकरला सुदामभाऊंनी जोरात ब्रेक मारला आणि एक रेघ धाडकन खाली आली. पिवळा दिवा लागला. गाडीचा जीव गेला.

"पाहा," सुदामभाऊ एवढंच म्हणाले.

"हात स्टिअरिंगवरच ठेवा," मी म्हणालो, आणि देवरावभाऊंना सुदामभाऊंचे हातपाय नीट बघून घ्यायला लावले. मग वाकून खाली बघितलं. ब्रेक लागला तशा चपला पुढं सरकल्या होत्या. एकीचं टोक कोपऱ्यातल्या वायरींच्या जुडग्यात रुतलं होतं. तिथं प्लास्टिकचं कव्हर असतं. या गाडीत ते नव्हतंच.

चपला उचलून सीटमागं टाकल्या. गाडी बंद करून परत चालू केली, मागं घेऊन त्याच ब्रेकरवरून नेली, तसाच ब्रेक मारला. काही नाही. चपला परत कोपऱ्यात ठेवल्या, रेघ परत पडली. खात्रीसाठी आणखी एकदा केलं. फॉल्ट असा बोलावल्यावर आला की मला जो आनंद होतो तो पुरणपोळीनं होत नाही. मी मांडीवर थाप मारली.

रस्त्याकडेला गाडी लावून जुडग्याची टेप सोडली. पॅडलच्या एका वायरीचं तांबं आतून तुटलेलं, वरचं प्लास्टिक शाबूत. सरळ असली की टोकं एकमेकांना टेकायची. चपलेनं दाबलं की सुटायची. मी दुकानात वरचा भाग हलवला होता, तुटलेली जागा वायरी धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या खाली होती, म्हणून ती सापडली नाही. साळा बूट घालून चालवायचा, म्हणून त्याला कधी त्रास झाला नाही.

देवरावभाऊंचा सूर लगेच बदलला. "पायातली वहान पायातच बरी म्हनतात, ते काही उगाच नाई. पाह्यलं सुदाम? तुह्याच चपला."

आता मात्र मी तोंड दाबलं नाही. म्हणालो, "चपलेनं वायर तुटू नये म्हणूनच तर कंपनी तिथं कव्हर देते. ते कुठं आहे ते आधी सांगा."

देवरावभाऊ हळूच म्हणाले, "गान्याचा टेप बसवला तवा मीच काढाले लावलं होतं. स्पीकरची वायर जात नोती. घरी पडलं असन कुठंतरी."

दुकानात येऊन मी वायर कापली, सोल्डर केली, वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवली, जुडगं वर बांधलं आणि पत्र्याची पट्टी वाकवून कव्हर केलं. असं काम कंपनीतही होत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. सुदामभाऊंनी भीत भीत विचारलं की आता चपला घालून चालवावी लागेल का. मी म्हणालो, अजिबात नाही, फक्त पॅडलजवळ काही ठेवायचं नाही. सीटमागं एक छोटा कप्पा करून दिला, चपलांसाठीच.

देवरावभाऊंनी चाबी पुढं केली. सुदामभाऊंनी ती घेतली नाही.

"मालक, गाडी नीट झाली, चांगलं झालं," ते म्हणाले. "पन तुमी मले मंडीत बेवडा म्हनलं. चार लोकांत म्हनलं. मी माळकरी मानूस. माही पोरगी आता हमालाच्या घरात देली हाये, त्याच मंडीतल्या. ते तुमीच तिथं येऊन मिटवा. मंग चाबी द्या."

मला वाटलं, देवरावभाऊ भडकणार. पण ते दार उघडून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"चाल," ते म्हणाले. "अकोल्याले चाल. आज माल नाई तरी चाल."

सुदामभाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि चाबी घेतली. अकोल्याच्या मंडीत देवरावभाऊ अडत्याच्या ओट्यावर उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले की खोट माह्या गाडीत होती, सुदाममधे नोती. हे मला नंतर तिथल्या एका हमालानं सांगितलं. तो सुदामभाऊंचा व्याही होता.

धंद्यातल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. गाडी एकाच माणसाच्या हातात बंद पडत असेल, तर माणूस बदलू नका. त्यालाच चालवायला लावा आणि शेजारी बसा.