पान चार आणि शेवटचे पान

आधी चार दिवस आणि तीन जबाबदार व्यक्ती नोंदवतो. राग नंतर.

गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या आठवड्यातला शनिवार: माझ्या नातीने हैदराबादला कॉलेज-प्रवेशाची परीक्षा दिली. दिवाळीनंतरचा एक शनिवार: तीच परीक्षा, त्याच शहरात, दुसऱ्यांदा. संक्रांतीआधीचा शुक्रवार: अर्जाची अखेरची मुदत. होळीचा आदला दिवस: उत्तर. जबाबदार व्यक्ती अशा: एका खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक लिहिणारा, त्याच विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज तयार करणारा, आणि प्रवेश विभागात फोन उचलून मला ‘अंकल’ म्हणणारा तरुण. विद्यापीठाचे नाव घेत नाही. उत्तर देणे ज्यांच्यावर बंधनकारक आहे, ते स्वतःला ओळखतील.

ही परीक्षा संगणकावर होते आणि कितीही वेळा देता येते. कोणत्या वेळचे गुण कॉलेजला पाठवायचे, हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. लॅपटॉप ज्याचा त्याने न्यायचा. पहिल्या वेळी नातीने शेजारच्या गुरुजींचा नेला होता. गणिताच्या दुसऱ्या भागात त्याचा पडदा गोठला. तो पुन्हा चालू होईपर्यंत वेळ हातची गेली आणि गुण घसरले. दुसऱ्या वेळी नांदेडच्या मामाने स्वतःचा लॅपटॉप दिला, आणि असे गुण मिळाले की निकाल पाहून ती अंगणात चक्क नाचली. त्या गुणांवर पूर्ण फीची शिष्यवृत्ती मिळण्याजोगी होती. शिष्यवृत्तीविना तिला तिथे पाठवणे आमच्या घराला शक्य नव्हते. हे तिला ठाऊक होते, मलाही.

त्या शुक्रवारी दुपारी आम्ही कळमनुरीच्या बसस्टँडजवळच्या ऑनलाइन केंद्रात बसलो. माहितीपत्रकाच्या पान चारवर लिहिले होते की विद्यार्थ्याने आपले सर्वोत्तम गुण पाठवावेत. नातीने दुसऱ्या वेळचे गुणपत्रक जोडले आणि अर्जाच्या शेवटच्या पानावर आली. तिथे एक चौकोन होता आणि त्यापुढे, मराठीत सांगायचे तर, असे वाक्य: ‘मी आजवर दिलेल्या सर्व परीक्षांचे गुण सादर केले आहेत. माहिती अपूर्ण आढळल्यास प्रवेश कधीही रद्द होईल, हे मला मान्य आहे.’

माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली. शपथपत्रावर सही करण्याआधी माणसाला मजकूर वाचून दाखवणे आणि ‘समजले का?’ असे विचारणे हे माझे काम होते. मी तिचा हात माउसवरून बाजूला केला.

“थांब माय. इथं ‘सर्व’ लिहिलंय.”

“पान चारवर ‘सर्वोत्तम’ लिहिलंय, आजोबा. त्यांनीच लिहिलंय. मी कुठं खोटं बोलून राहिले?”

“पान चारवर तुझी सही न्हाई. इथं हाय.”

मी प्रवेश विभागाला फोन लावला, तिलाही ऐकू यावे म्हणून स्पीकरवर ठेवला आणि गाव-जिल्हा सांगून अडचण मांडली. “अंकल, बेस्टवाला डालिए,” तरुण म्हणाला.

“आणि शेवटच्या पानावरचं प्रतिज्ञापन?”

“वो सब लोग टिक करते हैं, अंकल. कोई पढ़ता नहीं.”

“मी वाचलं आहे.”

“तो दोनों डाल दीजिए. हिंगोली से हैं ना? पहले कम, फिर ज़्यादा, कमिटी को ऐसी स्टोरी अच्छी लगती है. नीचे बॉक्स है, उसमें अपनी तकलीफ़ लिख दीजिए.”

मी काही बोलण्याआधी नातीने फोन बंद केला. “माझी तकलीफ वाचून जागा द्यायची व्हय त्यांना? मग गणित काहून घेतलं?”

केंद्राचा मालक मागून ओरडला, “काका, लाइट जायचा टाइम झाला. वाद घरी घाला, बटण इथं दाबा!”

“सगळे टिक करून राहिले,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “मी एकटीच कोर्टात उभी हाव का?”

“उद्या त्यांनी प्रवेश रद्द केला तर एकटीच उभी राहशील.”

तिने माउस पुन्हा हातात घेतला. मग तिने पहिल्या वेळचे गुणपत्रकही जोडले. तकलीफ लिहायचा रकाना कोरा ठेवला. चौकोनात खूण केली, बटण दाबले आणि माझी वाट न पाहता बसकडे चालू लागली.

होळीच्या आदल्या दिवशी उत्तर आले. प्रवेश मंजूर, शिष्यवृत्ती नामंजूर. कारण: ‘सादर केलेल्या सर्व गुणांची सरासरी विचारात घेण्यात आली.’ सरासरीचा हा नियम पान चारवर नाही, शेवटच्या पानावरही नाही. जो लपवतो त्याची सरासरी उंच राहते आणि जो दाखवतो त्याची उतरते. खऱ्या माहितीवर दंड आकारणारा असा नियम मी उभ्या नोकरीत कोणत्याही कायद्यात वाचलेला नाही. मी रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवली. ईमेलही केले. संगणकाने लिहिलेले एकच उत्तर आले: माझा संदेश त्यांच्यासाठी मोलाचा आहे.

पाडव्याला फी भरण्याची मुदत संपली आणि जागा सुटली. नात आता बसने हिंगोलीच्या कॉलेजात जाते. त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, “तुमचं बराबर होतं, आजोबा. पण जागा माझी होती.”  

या लेखाचा मसुदा तिने काल वाचला. जबाबदारांची यादी बोटाने मोजत म्हणाली, “तीनच? माउसवरून हात कोणी उचलला माझा?”

“तुला जाब द्यायला मी रोज समोर बसलेला हाय. ते कुठं हायत?”

ती हसली नाही, पण मसुदाही परत दिला नाही. मग म्हणाली, “वसमतची माझी मैत्रीण यंदा तिथंच अर्ज भरून राहिली. तिनंबी परीक्षा दोनदा दिली. कोणते गुण पाठवू, असं विचारून राहिली. काय सांगू तिला?”

तो प्रश्न मी इथे, वाचकांसमक्ष, त्या विद्यापीठाच्या कुलसचिवांपुढे ठेवतो. पान चार खरे की शेवटचे पान? सरासरीचा नियम कोणी केला, आणि तो अर्जदारांपासून का लपवला? ‘सब लोग टिक करते हैं’ हे आपले अधिकृत धोरण आहे काय? उत्तर मला फोनवर नको, बंद पाकिटातही नको. जिथे ती दोन वाक्ये छापली आहेत, तिथेच, स्वतःच्या सहीने, वसमतच्या मुलीने बटण दाबण्याआधी छापा.