माजलेला वाल

माकणीच्या फरिदाबीला कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. पन्नाशी उलटली तरी पाहुण्याच्या चहात मीठ टाकायची सवय काही सुटली नव्हती.

शेजारच्या बानूबाईंच्या परसात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं बसायची. त्या लेंडीखताच्या मातीत त्यांचा वाल शेंगांनी लगडायचा. फरिदाबीचं परस मुरमाड. तिच्या घरच्या वालाला शेंगा बेताच्या, पण लागायच्या न चुकता. एका वर्षी तिनं बानूबाईंकडून मूठभर बी आणून हौसेनं लावलं. वेल वीतभर वाढला अन् पिवळा पडला.

"म्हातारीनं भाजलेलं बी दिलं मला!" ती नवऱ्यावरच तडकली.

"भाजलेलं बी उगवतं व्हय?" जाफर म्हणाला.

पण फरिदाबीच्या डोक्यात राग शिरला तो शिरलाच. पुढच्या पावसाळ्यात बानूबाई अंगणात बियाची वाटी ठेवून आत गेल्या. तेवढ्यात हिनं ते बी पदरात ओतलं अन् वाटीत आपलं मुरमातलं भरलं. दिसायला सारखंच!

बानूबाईंनी तेच लावलं अन् वेल असा उठला की काय सांगावं. मांडव झाकला, बानूबाईंच्या पत्र्यावर चढला, तिथून सरळ फरिदाबीच्या पत्र्यावर. दिवाळी आली, पण औषधाला शेंग नाही. फरिदाबी रोज कुडावरून विचारायची, "बानूबाई, भाजीला शेंगा निघाल्या का?"

एके सकाळी बानूबाई विळा घेऊनच दारात उभ्या.

"फरिदा, हे बी माझं न्हाय. सासूपासून आमी खतात माजला तो वेल मेंढरांपुढं टाकतो अन् शेंगा धरल त्याचंच बी ठेवतो. माझ्या बियाला मेजवानी पचती. हे कुण्या उपाशी घरचं आलंय. खाऊन खाऊन नुसतं अंगानं सुटलंय!"

फरिदाबीला हसू आवरेना. "अन् तुमच्या बियाला माझ्याकडचा रोजा झेपला न्हाय!"

"म्हंजे तूच व्हय गं?" बानूबाईंनी विळा उगारला, पण त्यांनाही हसू फुटलं. "आधी माझं बी आण. अन् तो वेल तूच काढायचा!"

फरिदाबीनं राखेत घोळून ठेवलेलं बी निमूट परत केलं. मग शिडी लावून ती पत्र्यावर चढली. जाफर खालून शिडी धरून पुटपुटत होता. वेलाचे भारे खाली पडत गेले, मेंढरं तुटून पडली. शेवटचा भारा मात्र तिनं नीट नेम धरून बानूबाईंच्या डोक्यावर टाकला.